तेविसावी ओळ

१३ जानेवारी २००८, रविवार

नव्या घरातली पहिली सकाळ आणि नव्या वहीतलं पहिलं पान. पेठ गावच्या खोलीत जाग आली की फुटक्या कौलातून आलेला कवडसा पायांवर पडलेला असायचा. इथं डोक्यावर पांढरंशुभ्र सपाट छत. पण खिडकी उघडली आणि मन हरखलं. मखमलाबाद रोडच्या या अंगाला अजून द्राक्षबागा टिकून आहेत. पार चामरलेणीच्या डोंगरापर्यंत हिरवे मांडव, मण्यांत नुकतं पाणी उतरतंय. चौतीस वर्षं आश्रमशाळेत पोरांना कविता शिकवल्या, त्या सगळ्या कवितांमधली पहाट आज एकदम माझ्या खिडकीत येऊन उभी राहिली.

घर लेकीचं, उज्वलाचं. जावई गेल्यावर तिनं हिमतीनं घेतलं आणि आता नर्सची नोकरी मिळून ती मस्कतला गेली. मागे राहिली रोशनी, माझी नात, आठवीतली. तिच्या सोबतीला मी की माझ्या सोबतीला ती, हे अजून ठरायचंय. स्वयंपाकाला सगुणाबाई येतात. आल्या आल्या त्यांनी मला बजावलं, गुरुजी, कविता तिकडं बैठकीत, माझ्या ओट्यापाशी नाय. खाली वॉचमन रावजी, त्र्यंबककडचा, बोलायला लागला की थांबत नाही. त्यानं इमारतीची कुंडलीच मांडली. ही जागाही बागेचीच होती. बागाईतदाराची जुनी विहीर अजून मागच्या मोकळ्या प्लॉटात आहे, कोरडी, वर फरश्या टाकून बंद केलेली.

मला विहिरी आवडत नाहीत. पण खिडकीतून ती दिसत नाही, शेवग्याआड आहे.

१७ जानेवारी, गुरुवार

काल न्हाणीघराचा नळ बराच वेळ चालू होता. मी दारावर टकटक करणार, तेवढ्यात सगुणाबाईंनी हात धरला. हळूच म्हणाल्या, पोरगी आंघोळ करत नाय, आईसाठी रडतीय, पाण्याच्या आवाजात. मी परत येऊन खुर्चीत बसलो. हुंदके लपवायला नळ सोडणारी मुलं मी वसतिगृहात फार पाहिली आहेत.

उज्वलानं जाताना तिला लॅपटॉप घेऊन दिलाय. त्यावर कॅमेरा आहे म्हणे. इंटरनेट असलं की मायलेकींना एकमेकींचं तोंड दिसेल. शिवाय माझ्यासाठी बैठकीत एक जुना संगणक आणून ठेवलाय. तेव्हा ठरवलं, घरात इंटरनेट आणायचं. आणि वायर घेऊन या खोलीतून त्या खोलीत नाचायला नको म्हणून बिनतारी आणायचं. पोरगी हसली पाहिजे. या वयात मला दुसरं काही मिळवायचं राहिलेलं नाही.

२० जानेवारी, रविवार

इंटरनेट देणाऱ्या तिघांची तोंडी परीक्षा घेतली. सवयीप्रमाणे दहापैकी गुणही दिले.

सरकारी टेलिफोन हपिसातले साहेब सज्जन. पण या नव्या वस्तीपर्यंत त्यांची तार आलेली नाही; अर्ज देऊन ठेवा, तीन-चार महिन्यांत बघू म्हणाले. सज्जनपणाला सहा गुण. मग एका मोठ्या कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. चकचकीत कागद पसरून बोलत सुटला, मध्ये श्वास म्हणून घेतला नाही. खोदून विचारल्यावर कळलं की महिन्याचा कोटा ठरलेला. कॅमेऱ्यावर बोलत बसलं तर आठ दिवसांत संपेल आणि पुढे सगळं मुंगीच्या पावलांनी. रोशनी त्याच्या तोंडावर म्हणाली, म्हणजे आईनं महिन्यातून आठच दिवस दिसायचं का? त्याला चार.

तिसरा किशोर, आमच्या वस्तीतला केबलवाला, चाळिशीचा. म्हणाला, गुरुजी, टीव्हीची तार येते तशीच नेटची आणतो, परवा म्हणाल तर परवा. कोटा नाय, काय नाय. बंद पडलं तर मला हाक मारा, मी काय दिल्लीला राहात नाय. बोलता बोलता त्याची नजर माझ्या कवितांच्या वह्यांवर गेली आणि गडी ताठ उभा राहून चौथीतली कविता हातवाऱ्यांसकट म्हणून मोकळा झाला. एक अक्षर चुकला नाही. मी तिथंच निकाल लावला. रोशनी नंतर म्हणाली, आजोबा, तुम्ही नेट घेतलं की कविता?

२४ जानेवारी, गुरुवार

आज जोडणी झाली. केबलवाल्यांची तऱ्हा मोठी गमतीची. खांब मिळाला तर खांबावर, नाही तर झाडाला, गच्चीच्या कठड्याला, मिळेल त्याला तार बांधत यायचं. मागच्या प्लॉटात खांब नाही, म्हणून किशोरनं जुन्या विहिरीवर उभा राहिलेला लोखंडी अँगल पाहिला, ज्यावर पूर्वी मोटेचं चाक असायचं, आणि त्यालाच दोन वेढे देऊन तार आमच्या खिडकीपर्यंत ओढली. मी म्हटलं, दुसरीकडून येणार नाही का? तर म्हणाला, विहीर कोरडी हाय गुरुजी, तारेला काय बुडायची भीती?

मग खिडकीपाशी एक काळी डबी बसली, दोन शिंगांची. पुढे हिरवे दिवे. रोशनी लॅपटॉप घेऊन घरभर फिरली. कोपऱ्यातल्या पाच रेघा पाहायच्या. डबीजवळ पाचही भरतात, लांब गेलं की एकेक विझते. जिन्यात पोचली तोवर एकच उरली. किशोर म्हणाला, तिच्यापुढं रेंज संपली.

डबीला नाव द्यावं लागतं. मी दिलं 'हजेरी'. आणि आत यायचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, निदान आठ अक्षरांचा. माझ्याच एका जुन्या कवितेतला शब्द सुचला: पानाआडी. इंग्रजीत मोजून आठ अक्षरं. तो का सुचला कोण जाणे. पंधरा वर्षांत ओठांवर आला नव्हता.

संध्याकाळी पडद्यावर उज्वला दिसली. रोशनीनं पडद्याला हात लावला, तिकडून तिनंही लावला. मी गॅलरीत जाऊन चष्मा पुसला.

२ फेब्रुवारी, शनिवार

घराला आवाज आलाय. सगुणाबाईसुद्धा पदर सारखा करून मस्कतला नमस्कार करून आल्या.

किशोरनं मला एक खेळणं शिकवलंय. संगणकावर डबीचं एक पान उघडतं. आत्ता डबीला कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी. माझा संगणक तारेनं जोडलेला, म्हणून तो त्यात नाही. एकच नाव: रोशनी. मी तिला म्हटलं, हा तर हजेरीपट! आणि मग आमच्या वर्गाची गोष्ट सांगितली. माझ्या चौथीच्या वर्गात पटावर तेवीस मुलं. हजेरीला कुणी नुसतं 'हजर' म्हणायचं नाही. मी तेवीस ओळींची कविता रचली होती, झाडावरच्या पाखरांची. ज्याचा जो नंबर ती त्याची ओळ. पहिला पहिली ओळ म्हणे, दुसरा दुसरी, आणि शेवटच्या मुलापाशी कविता पुरी होई. नियम एकच: ज्यानं ओळ म्हटली तो हजर. तपासणीला आलेले साहेबलोक कौतुक करत. रोशनीनं शेवटची ओळ विचारली. मी म्हटलं, आठवत नाही.

आठवते.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अकराला पान उघडलं. रोशनी शाळेत होती, तिची सकाळची शाळा, साडेबाराला सुटते. लॅपटॉप बंद. यादी रिकामी हवी. यादीत एक ओळ होती. नावाची जागा कोरी, पुढे 'जोडलेले'. किशोरला फोन केला. म्हणाला, शेजारचं कुणीतरी फुकटात घुसलं असेल. नाव यंत्र स्वतःहून सांगतं. यानं सांगितलं नाय एवढंच. पासवर्ड कुणाला सांगितला का? कुणालाही नाही. रोशनीच्या लॅपटॉपवरही मीच घालून दिला होता.

बरोबर पाच वाजता ती ओळ गेली. अकरा ते पाच. आमच्या आश्रमशाळेची वेळ.

९ फेब्रुवारी, शनिवार

काल रात्री पासवर्ड बदलला. बाविसाव्या ओळीतला शब्द घातला, कारण मला दुसरं काही लक्षात राहात नाही. आज अकराला ती कोरी ओळ परत आली. दुपारी अठराव्या ओळीतला शब्द घातला. दोन मिनिटांत परत. लोडशेडिंगला वीज गेली, पंखा थांबला, संगणक काळा झाला. डबीचा एक दिवा मात्र लुकलुकत होता. किशोर फोनवर वैतागला: गुरुजी, पासवर्ड म्हणजे कविता नाय, आकडे टाका काहीतरी.

रोशनी मागच्या प्लॉटातून लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, आजोबा, तिथं विहिरीच्या फरशीवर रेंज भारी मिळते, पाचच्या पाच रेघा. मी म्हटलं, रेंज जिन्यातच संपते. तिनं खांदे उडवले. पुन्हा तिथं जायचं नाही असं बजावलं. माझा आवाज इतका का चढला, तिला कळलं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

आकडे टाकले होते. उपयोग नाही.

दुपारी रोशनी खोलीत काहीतरी गुणगुणत होती. दाराशी थांबलो आणि ऐकलं.

बाविसावे मी घरट्यापाशी, चोच भरूनी आले आहे;
तेविसावे मी पानाआडी, दिसले नाही तरी आहे.

ही कविता कुठं छापलेली नाही. वही पेठलाच जाळली. मी विचारलं, कुणी शिकवली? म्हणाली, मैत्रिणीनं. लॅपटॉपवर लिहून बोलतात त्या दोघी. मैत्रिणीचं नाव? नाव नाही, नुसता आकडा आहे, तेवीस. आठ दिवस झाले. फार एकटी आहे ती, आजोबा, माझ्यासारखीच. तिची आई लांब आहे. तिचे गुरुजी तिला न बघताच तिची हजेरी स्वतः द्यायचे म्हणे, कसले गुरुजी! ती म्हणते, तू माझ्याकडे राहायला ये, तुझी हजेरी मी देईन, कुणाला कळणार पण नाही.

रोशनी हसत होती.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

लिहूनच टाकतो. पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

भागी. भागी पुंजा भोये. नऊ वर्षांची, पटावर शेवटची, नंबर तेवीस. साऱ्या वर्गात कवितेवर जीव असलेली एकटी. १९९३ सालच्या फेब्रुवारीत, सात तारखेला, रविवारी, ती आईच्या आठवणीनं वसतिगृहातून गुपचूप घरी निघाली. मुलं अशी जायची; चार दिवसांनी बाप आणून सोडायचा. आम्ही समजलो, घरी पोचली. घरच्यांनी धरलं, शाळेत आहे.

सोळा तारखेला तपासणी होती. मुख्याध्यापकांना पट भरलेला हवा होता, हे खरं. पण मला कुणी हात धरून लिहायला लावलं नाही. खरं कारण वेगळं होतं. बावीस ओळी होऊन कविता अडायची. शेवटच्या ओळीवाचून ती लंगडी वाटायची. म्हणून आठ तारखेला मी स्वतः तिची ओळ म्हटली आणि तिच्या नावापुढे हजर मांडलं. नऊला म्हटली. दहाला म्हटली. रविवार सोडून सोळापर्यंत, आठ दिवस. सोळाला साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

सतराला पुंजा आला, लेकीसाठी नागलीची भाकरी बांधून. तेव्हा शोध सुरू झाला. आडवाटेवरच्या कोरड्या विहिरीत सापडली. मांडी मोडलेली. गुराखी म्हणाले, चार-पाच दिवस तिकडून पोराच्या पाठांतराचा आवाज यायचा, आम्हाला वाटलं वाऱ्यानं शाळेतून येतोय. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन एक दिवससुद्धा झालेला नाही.

म्हणजे मी इकडे तिची ओळ म्हणत होतो तेव्हा ती तिकडे म्हणत होती.

चौकशीत पट पाहिला गेला. पटावर ती सोळापर्यंत हजर. सतराला सकाळी पळाली असं लिहिलं गेलं. पुंजाला वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठा दिला. मी शाईची डबी पुढे धरली होती.

१३ फेब्रुवारी, बुधवार

किशोरला बोलावलं. म्हटलं, तार काढ. तो मागे गेला आणि पाचव्या मिनिटाला परत आला, तोंड पांढरं. अँगलवरचे वेढे सुटलेत. तार फरश्यांच्या फटीतून विहिरीत गेलीय, सरळ खाली. ओढून पाहिली तर येईना. म्हणाला, अडकलेली तार अशी नसते गुरुजी. मी ओढली तर खालून ओढलं. पक्कड तिथंच टाकून आला. परत जाणार नाही म्हणाला, दुसरा कुणी बघा.

मीच डबीची वायर उपटली, डबी कपाटात घातली, कुलूप लावलं. रोशनी किंचाळली. आईला माझ्यापासून तोडताय तुम्ही! मी तिला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, आजोबांचं ऐकायचं. ती खोलीत गेली, दार धाडकन लावलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

अबोला. सकाळी फिरून आलो तोवर ती शाळेत गेलेली. दुपारी झोप लागली. उठून दारावर टकटक केलं, आलीस का? आतून, हो आजोबा. एवढंच. ठीक. राग उतरेल.

रात्री उज्वलाचा फोन, खुशीत होती. म्हणाली, बाबा, आत्ताच रोशनीशी बोलले, आज चित्र किती स्वच्छ! मी कपाट उघडून पाहिलं. डबी तिथंच. म्हटलं, पोरीनं शेजारून कुठून तरी जोडलं असेल. पोरीच त्या.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

टकटक केलं. हो आजोबा. जेवलीस? हो आजोबा.

सगुणाबाई कुरकुरल्या, दाराबाहेर ठेवलेलं ताट तसंच्या तसं, हे कसलं रुसणं. रावजी म्हणाला, तुमची नात लय हुशार, दिवसभर विहिरीकडून पाठांतराचा आवाज येतोय बघा. मी हसलो. रोशनी तर खोलीत आहे.

हे वाक्य लिहून थांबलो. का थांबलो ते—

उद्या दार उघडायला लावीन.

१६ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

दाराला कडी नव्हती. नुसतं लोटलेलं होतं. दोन दिवस मी लोटलं नाही.

खोली रिकामी. पलंगावरची चादर गुरुवारची, सगुणाबाईंनी घातलेल्या घडीसकट. दप्तर खुंटीला. शाळेचे बूट खाली. चपला नाहीत. लॅपटॉप मिटलेला, गार.

मी हाक मारली, रोशनी.

हो आजोबा.

रिकाम्या खोलीतून. अगदी जवळून.

अकरा वाजले

शाळेत फोन केला. वर्गाच्या बाई म्हणाल्या, रोशनी तिन्ही दिवस हजर आहे, आत्ताही वर्गात आहे. मी म्हटलं, बाई, डोळ्यांनी पाहिलीत का? त्या दुखावल्या. म्हणाल्या, ओ आजोबा, नंबर पुकारला, ओ आली, पट भरलाय माझा, अजून काय हवं?

पट भरलाय.

उज्वलाला फोन. ती हसायलाच लागली. बाबा, ती आत्ता माझ्यासमोर पडद्यावर आहे, तुम्ही गोळी घेतली ना? मी ओरडलो, तिला कॅमेऱ्यासमोर उठून उभी राहा म्हणावं. उज्वलानं तिला तसं सांगितलं. मग मला म्हणाली, ती म्हणते पाय दुखतोय.

चौकीतला हवालदार म्हणाला, गुरुजी, आई म्हणते पोरगी समोर आहे, शाळा म्हणते वर्गात आहे. हरवल्याची तक्रार मी कोणाची लिहू?

पुंजा असाच उभा होता माझ्यासमोर.

कपाट उघडलं. डबीला वायर नाही. चारही दिवे हिरवे.

विहिरीपाशी

लॅपटॉप उघडून बरोबर घेतला. 'हजेरी'. घरात एक रेघ. जिन्यात दोन. फाटकापाशी तीन. शेवग्याखाली चार. इथं पाच.

एक फरशी सरकलेली आहे. तिच्याकडेला चप्पल, एक. रोशनीची.

रावजीनं डोकावून हाक दिली. खालून काही आलं नाही. मग कण्हणं आलं, बारीक. जिवंत आहे. पोरगी जिवंत आहे. रावजी दोर आणि माणसं आणायला पळालाय. मला म्हणाला, गुरुजी, तुम्ही हलू नका, तिच्याशी बोलत राहा. किशोरची पक्कड अजून इथं पडलेली आहे.

बोलतोय. रोशनी, आजोबा आलेत. आजोबांनी बघितलं तुला. या वेळी बघितलं.

वही बरोबर आणलीय, बोलता बोलता लिहितो. पट दुरुस्त करतो. भागी पुंजा भोये, नंबर तेवीस. आठ, गैरहजर. नऊ, गैरहजर. दहा, अकरा, बारा, तेरा, गैरहजर. पंधरा, गैरहजर. सोळा, गैरहजर. सही, सावळीराम गुरुजी. हे पान पुंजाला द्या. त्याला वाचून दाखवा.

कण्हणं थांबलं—

नाही, आहे. पण दुसरा आवाज आहे. हजेरी चाललीय खाली. लहान मुलीचा आवाज, नंबर पुकारतोय. आणि ओळी येतायत. एकेका पोराचा आवाज मला ओळखू येतो, पंधरा वर्षांपूर्वीचा, सगळ्यांचा. सात. आठ. नऊ.

तेवीसला कोण?

खाली रोशनी एकटी आहे. तिला ती ओळ पाठ आहे. ज्यानं ओळ म्हटली तो—

रोशनी, म्हणू नकोस. बाळा, काही झालं तरी ती ओळ म्हणू नकोस. तोंडावर हात ठेव.

चौदा. पंधरा. रावजी येईना. दूर माणसांचा गलका ऐकू येतोय, बागेच्या टोकाला, लांब आहेत अजून.

भागी, मी इथं आहे. ती माझी ओळ आहे. आठ दिवस मीच म्हटली होती, जागा माझी आहे, तिची नाही. एकदाच बोलव मला. नंबरानं बोलव.

एकोणीस.

फरशी गार आहे. तार ताठ झाली. वर येतेय, हातावर हात टाकत कुणीतरी—

एकवीस. बावीस. चोच भरूनी आले आहे—

आता कुणी बोलत नाही. वाट बघतायत. खालून रोशनीनं श्वास घेतला, म्हणायला—

तिच्याआधी. मोठ्यानं. उभा राहून, वर्गात म्हणतात तसा

तेविसावा मी पानाआडी, दिसलो नाही तरी आ